डब्यावरची चिठ्ठी

रेवा, गेल्या रविवारी तू फोनसमोर भाताचा डबा धरलास आणि विचारलंस, "आजी, बुधवारचा आहे. फ्रिजमध्येच होता. चालेल का गं?" मागून ईशान म्हणाला, "आजीच्या लायब्ररीत तीनच दिवस मिळतात. मुदत संपली." तुम्ही दोघं हसत होतात. मी म्हणाले की आवाज तुटतोय, आणि फोन बंद केला.

आवाज तुटत नव्हता. थोड्या वेळाने मी "टाकून दे" एवढंच लिहून पाठवलं. तू अंगठा दाखवलास आणि विषय संपला. पण माझ्यापुरता तो संपलेला नाही.

या उन्हाळ्यात आबा आणि मी दोघंही दवाखान्यात होतो, एवढं तुम्हाला माहीत आहे. पोट बिघडलं होतं, आता बरं आहे, असं मी मीराला, तुमच्या आईला, सांगितलं आणि तिने तेच तुम्हाला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. घरापासून दूर, स्वतः रांधून खाणाऱ्या नातवंडांना ते पुरतं सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे.

माझी पद्धत

मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं शाळेचं ग्रंथालयही सांभाळलं. पुस्तक आलं की नोंदवहीत तारीख, पाठीवर चिठ्ठी, मग कपाट. निवृत्त झाल्यावर ती सवय स्वयंपाकघरात आली. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी, तिच्यावर पदार्थाचं नाव आणि वार. तीन दिवसांच्या आत संपवायचं, नाहीतर बाहेर. तुम्ही लहान असताना त्या चिठ्ठ्या वाचत फ्रिजसमोर उभे राहायचात आणि तुमचे आबा ओरडायचे, "अरे दार लावा, आतला उन्हाळा वाढायलाय."

पण चिठ्ठीच्या आधीही या घरात एक परीक्षा होती. ती म्हणजे माझं नाक. दूध नासायच्या आधी मला कळायचं. आमटी उतरली की नाही हे मी झाकण अर्धं उचलून सांगायची. आबा वाटी घेऊन यायचे, माझ्या नाकाखाली धरायचे आणि म्हणायचे, "बघ गं." मी म्हणायची, "चांगलं आहे," किंवा, "द्या इकडे." त्यावर अपील नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी मला ताप आला होता, आठवतं? त्या तापात वास गेला. बाकी सगळं परत आलं, वास आला नाही. महिनाभराने गॅसवर दूध करपून धूर झाला आणि मी शेजारच्या खोलीत वाचत बसले होते. आमच्याकडे काम करणारी गया अंगणातून धावत आली. "बाई, घर जळायलंय आन् तुम्ही पुस्तकात," ती म्हणाली. मी म्हणाले, पुस्तक रंगलं होतं.

मी कुणालाच सांगितलं नाही. गुडघे गेले, एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, हे सगळं मी सांगितलं होतं. हे का सांगितलं नाही, याचा मी दवाखान्यात पडल्या पडल्या खूप विचार केला. त्या वाटीपुढे आबा माझं ऐकत होते, एवढंच त्याचं कारण असावं. चौपन्न वर्षांच्या संसारात ते फार गोष्टींत माझं ऐकत आले असं नाही.

तेव्हा वाटी पुढे आली की मी मान वाकवायची, श्वास आत घ्यायची आणि डब्यावरची चिठ्ठी आठवून निकाल द्यायची. तीन वर्षं काहीही बिघडलं नाही. त्यामुळे माझी खात्रीच झाली की ज्ञान चिठ्ठीत होतं, नाक उगाच मिरवत होतं.

गुरुवार ते शनिवार

आबांचं गाव पाचोडकडचं, हे तुम्हाला माहीत आहे. तिथल्या त्यांच्या पुतण्याने, माधवने, मुलगा झाला तर कंदुरी करीन असा नवस पीराला बोलला होता. खुलताबादच्या पुढे एका दर्ग्याजवळ, झाडाखाली, बोकड कापून भावकीला जेवण घालायचं. आपल्या घरात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. ज्याला येणं झालं नाही त्याचा वाटा घरपोच जातो. आणि तो वाटा टाकायचा नसतो. आबांचे गुडघे त्या चढाला नको म्हणाले, म्हणून आमचा वाटा इकडे आला.

गुरुवारी संध्याकाळी सातला माधव कडीचा स्टीलचा डबा घेऊन दारात उभा होता. "काकू, काकांना सांगा, नळ्या निवडून ठेवल्यात."

मी डबा हातात घेतला तर तो कोमट होता. मला वाटलं, किती ताजं आहे. तो डबा जसाच्या तसा, कडी लावलेला, फ्रिजमध्ये ठेवला आणि वर पट्टी चिकटवली. मटण, गुरुवार.

ते मटण पहाटे शिजलं होतं. दुपारी पंगत उठल्यावर उरलेलं डब्यात भरलं, झाकण लावलं आणि डबा गाडीच्या डिकीत गेला. वाटेत माधवच्या बायकोला बारशाची खरेदी करायची होती, म्हणून गाडी शहागंजात उन्हात उभी राहिली. वैशाखातलं आमचं ऊन तुम्ही पाहिलं आहे. मी ज्याला ताजेपणा समजले ती त्या डिकीची ऊब होती. आणि फ्रिजमध्येही तो भरलेला, बंद डबा मधल्या मधे किती वेळ तसाच कोमट राहिला असेल कोण जाणे.

हे कळायला मला फक्त एक प्रश्न विचारावा लागला असता. तो प्रश्न शनिवारी सकाळी दुसऱ्या कुणीतरी विचारला.

रात्री आबा जड खात नाहीत आणि शुक्रवारी त्यांची एकादशी होती. शनिवारी मी डबा बाहेर काढला आणि गयाला म्हणाले, तुझी वाटी आण.

"कवा शिजलंय हे?" तिने विचारलं.

"गुरुवारचं आहे. चिठ्ठी बघ की."

"चिठ्ठी मला कुठं वाचता येती. शिजलं कवा ते इचारलं."

"गुरुवारी संध्याकाळी आलंय, गया."

"आलंय ते खरं हाय. पर कंदुरी दुपारची असती, बाई. सांजच्याला तुमच्या घरी येस्तोवर ते हुतं कुठं?"

गयाच्या घरची माणसं मेंढरं घेऊन हिंडणारी. तिचे दोन दीर अजूनही कळपामागे असतात. मेंढरांच्या वाड्यावर, रानातल्या मुक्कामी, फ्रिज नसतो, त्यामुळे कालवण शिजल्यावर कुठे होतं, किती वेळ होतं, हे त्यांच्यात विचारतातच. ती हसत पुढे म्हणाली, "माझी सासू म्हणायची, बोकडाला पाय चार, शिजल्यावर बी पळतंय ते."

मला हसू आलं नाही. वर्गात एखादी मुलगी तोच प्रश्न पुन्हा विचारायला लागली की माझा आवाज जसा व्हायचा, तसा झाला. "नको असेल तर नको म्हण. वाद कशाला घालतेस?"

"मंग नको," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मी मटण खळखळून उकळलं. आबा वाटी घेऊन आले. "लई दिसांनी कंदुरीचं आलंय. बघ गं."

मी मान वाकवली, श्वास घेतला आणि म्हणाले, "चांगलं आहे."

दवाखाना

त्या दिवसाचं वर्णन मी करणार नाही. दिवेलागणीला सुरू झालं. आधी मला, मग त्यांना, आणि त्यांचं थांबेना. माधवने गाडी आणली. आबा आधारानेसुद्धा उभे राहत नव्हते. सिडकोतल्या आपल्या घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर आहे. त्या दहा मिनिटांत ते एकच वाक्य बोलले, "पाणी दे," आणि दिलेलं पाणी आत राहिलं नाही.

मला पहिल्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात ठेवलं आणि त्यांना दुसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागात. आमच्यात एक जिना होता आणि मला सलाईन लावलेलं होतं. भेटीची वेळ संध्याकाळी पाच ते सहा, एका वेळी एकच माणूस.

दवाखान्याचा दिवस सहाला सुरू होतो. फरशी पुसणारी बाई येते, मग रक्त काढणारा मुलगा, मग चहा, जो मला वर्ज्य होता. मग सगळ्या वॉर्डाचं लक्ष डॉक्टरांच्या फेरीकडे. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाई शहागंजातल्या एका कापडदुकानदाराची आई होत्या. सगळ्यांच्या दुखण्याची त्यांना माहिती. पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, "काय खाया था बाई?" मी तोंड भिंतीकडे केलं.

सकाळी डॉक्टर आल्या. वय तुमच्या आईपेक्षा कमी. हातात कागद.

"काल काय काय खाल्लंत?"

मी क्रमाने सांगितलं. सकाळी चहा, दुपारी भाकरी, मटण, भात.

"मटण ताजं होतं?"

"हो."

"वास, चव, काही वेगळं?"

"वास चांगला होता," मी म्हणाले.

मी जन्मभर मुलींना सांगत आले की उत्तर येत नसेल तर कोरी जागा सोडा, ठोकून देऊ नका. आणि तिथे, हाताला सुई लावलेली असताना, मी ठोकून दिलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

मीराचा फोन आला तेव्हाही तेच. "आई, बाहेरचं काही खाल्लंत का?" मी म्हणाले, नाही. बाहेरचं नव्हतंच ना. तिला लगेच निघता येत नव्हतं आणि त्या अपराधीपणाने ती रडत होती. माझा अपराध मी तिच्या रडण्याखाली झाकून टाकला.

माझं पोट दुसऱ्या दिवशी शांत झालं. आबांचं तसं नव्हतं. बीपीच्या गोळ्या, पंधरा वर्षांची साखर, आधीच थकलेली मूत्रपिंडं. अंगातलं पाणी एवढं गेलं की लघवी जवळजवळ बंद झाली. रविवारी संध्याकाळी मला चाकाच्या खुर्चीतून वर नेलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी टांगलेली होती आणि तिच्या तळाशी चहाच्या रंगाचं थोडंसं काहीतरी होतं. उजाडेपर्यंत त्या पिशवीशिवाय माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही आलं नाही.

चांगुलपणाही तिथे होता, तो सांगितलाच पाहिजे. एक नर्स बोळा भिजवून माझे ओठ ओले करायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी न विचारता आपली दुलई माझ्या पायांवर टाकली. आणि सोमवारी सकाळी गया आली. हातात थर्मास. खाटेजवळ येऊन तिने आधी बातमी दिली, "साडेसहाला शिजली, पावणेसातला भरली, आता आठ झालेत. पेज हाय. प्या."

ती टोमणा मारत होती की नुसतं सांगत होती, मला कळलं नाही. मी प्यायले. मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "आबांच्या डाक्टरला सांगितलं का? ते दिसभर कोंडलं हुतं म्हणून?"

मी थर्मासचं झाकण फिरवून बसवू लागले.

"मी सांगू का?"

"नको," मी म्हणाले. "मी सांगते."

ती गेली नाही. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

कोरी जागा

डॉक्टर फेरीला आल्या आणि मी काही बोलायच्या आत त्याच बोलू लागल्या. आबांचं पोट कडक लागतंय, ताप आहे. "तुमचं थांबलं, त्यांचं नाही. अन्न ताजं होतं म्हणता, म्हणजे त्यांचं दुखणं कदाचित वेगळंच असेल. आतड्यात काही अडकलंय का बघायला हवं. स्कॅन करावा लागेल, आणि तो नीट दिसायला शिरेतून औषध द्यावं लागतं. ते औषध मूत्रपिंडाला जड जातं. त्यांच्या अशा अवस्थेत मला ते नको आहे, पण दुसरा उपाय दिसत नाही. सही कोण करेल?"

मी म्हणाले, "ताजं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. पहाट, डिकी, शहागंज, कोमट डबा. हे माधवकडून मला शनिवारी गाडीतच कळलं होतं. शेवटी म्हणाले, "आणि मला वास येत नाही. तीन वर्षं झाली. त्या दिवशी मी वास घेतलाच नव्हता."

वॉर्डात बरीच माणसं होती. शेजारच्या बाईंनी पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "आजी, वास आला असता तरी कदाचित काही कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "अन्न नासवणारे जंतू वेगळे, माणसाला पाडणारे वेगळे. दुसऱ्यांचा वास येईलच असं नाही. आणि काहींचं विष एकदा तयार झालं की उकळूनही जात नाही. पण हे काल कळलं असतं तर मी वेगळा विचार केला असता."

स्कॅन थांबवला. सर्जनने हाताने तपासून सांगितलं, वाट पाहू. औषध बदललं. दुपारी डायलिसिस सुरू झालं. ते एकूण तीन वेळा करावं लागलं. मी सांगितलं म्हणून आबा वाचले असं मी म्हणणार नाही. सलाईनने, यंत्राने आणि त्या लोकांच्या मेहनतीने वाचले. पण मी आणखी एक दिवस गप्प राहिले असते तर काय झालं असतं, हा विचार मी अजून शेवटपर्यंत करू शकत नाही.

माधव जिन्यावर बसून रडला. "काकू, आम्ही बी तेच खाल्लं ना. आम्हाला काय बी झालं नाय."

"तुम्ही दुपारी खाल्लंत, बाळा," मी म्हणाले. त्याला यापेक्षा जास्त काही समजावायचं त्राण नव्हतं. डबा त्याने दिला होता, निकाल माझा होता.

गुरुवारी सकाळी नर्स वरून खाली आली ती मुद्दाम मला सांगायला. "आजी, पिशवी भरायला लागली." मला वाटतं, कुठल्याच बक्षीससमारंभात मला एवढा आनंद झाला नव्हता.

घरी

अकराव्या दिवशी आबा घरी आले. अर्धे झाले होते. मी त्यांना घरी आल्यावर चौथ्या दिवशी सांगितलं, त्यांना बसून ऐकता येईल इतकी शक्ती आल्यावर.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तीन वर्षं मी वाटी धरायचो, आन् तू नुसती मान वाकवायचीस?"

"हो."

"आन् मी येड्यावानी खायचो."

ते उठून अंगणात जाऊन बसले. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलत. जेवणाआधी स्वयंपाकघरात यायचे आणि माझ्यासमोर गयाला विचारायचे, "गया, कवाचं हाय?" ती माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की मग सांगायची. मला ते लागलं. चौपन्न वर्षांत आमची भांडणं पुष्कळ झाली. माझ्या शब्दावर शंका मात्र पहिल्यांदाच आली होती.

गयाची मी माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. आमच्यात बी लोक मरत्यात खाऊन. सासूचं सगळंच खरं नसतंय, जुलाब लागल्यावर पाणी बंद करा म्हणायची ती." मग म्हणाली, "पर मला वाद घालू नको म्हणलात ते नव्हतं म्हणायचं." मी म्हणाले, "खरं आहे."

आता डब्यावरच्या पट्टीवर दोन ओळी असतात. वर, शिजवलं कधी. खाली, ठेवलं कधी. पुस्तक ग्रंथालयात आलं ती तारीख आणि पुस्तक लिहिलं गेलं ती तारीख वेगळी असते, हे मी किती मुलींना शिकवलं असेन. स्वयंपाकघरात मला ते सुचलं नाही. दोन ओळींत तासाभरापेक्षा जास्त अंतर असलेलं उन्हाळ्यात मी ठेवत नाही. मोठा डबा भरून ठेवत नाही, पसरट भांड्यांत थोडं थोडं करते, म्हणजे लवकर गार होतं. भात दुसऱ्या दिवशी संपवते, नाहीतर नाही.

रेवा, तू दाखवलेल्या डब्यावर बुधवार लिहिलेलं होतं. तो भात शिजल्यावर ओट्यावर किती वेळ होता, हे तुला आठवत होतं का? नसेल, तर उत्तर मिळालं. ईशान, हसू नकोस, हे तुलाही आहे. फ्रिज झालेलं नुकसान भरून काढत नाही, फक्त पुढचं लांबवतो.

आता एकच गोष्ट सांगते. गणपतीच्या दिवसांत शेजारून वाटीभर खीर आली. गया सुट्टीवर होती. कामाच्या गडबडीत मी ती झाकून ठेवली आणि तिच्यावर पट्टी लावायची राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी फ्रिज उघडला. वाटी घेऊन ते माझ्याकडे आले. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे आले होते. सवयीने वाटी माझ्या नाकाच्या उंचीवर आली, आणि मग त्यांनी हात खाली घेतला.

"कवाची हाय ही?"

शेजारच्यांनी ती कधी केली, मी विचारलं नव्हतं. मी ती केव्हा आत ठेवली, तेही नक्की आठवेना. अंदाजाने सांगता आलं असतं. ते त्या क्षणी माझ्यावर विश्वास ठेवायला तयार होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

ते वाटी घेऊन वळले. मग अंगणात गेले, कढीपत्त्याच्या बुंध्याशी त्यांनी हाताने माती उकरली, खीर ओतली आणि वर माती लोटली. वाटीला हात लावून तो कपाळाला लावला. नैवेद्याचं होतं.

आत येऊन वाटी घासून पालथी घातली आणि म्हणाले, "पोहे कर. मी कांदा चिरतो."